दीड फूट

गाडी घेतली तेव्हा कोणी विचारलं नाही
न्यायची कशी.
चिखलदऱ्याच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट बुडालं,
त्यांनी पाहुण्यांना गरगर फिरवायची
ती चार चाकांची फटफटी
अडुसष्ट हजारांत काढून टाकली.
पोट्टे ओरडले, "मावशीनं रणगाडा आणला बाप्पा!"

रणगाडा नाही. पाय आहे तो माझा.
डावा लहानपणीच वाळला,
उजव्यानं बावन्न वर्षं दोघांचं काम ओढलं.
आता संत्र्याच्या ओळींतून मी बसून फिरते,
हँडलला कात्री, सीटखाली कलमांची पट्टी.

पण बाग दोन तुकड्यांत.
एक शेंदूरजनाघाटच्या नाल्याला लागून,
दुसरा नऊ किलोमीटर पलीकडे,
मधात डांबरी रस्ता,
आणि डांबरावर हिला पासिंग नाही.
म्हणजे जिला स्वतःची चार चाकं,
तिला न्यायला आणखी दोन हवीत.
भाच्याची कमांडर होतीच ओढायला.
ट्रॉली तेवढी नव्हती.

सुतळीला तीन गाठी मारल्या:
लांबी, रुंदी,
आणि पोटाखालची उंची, वीतभर.
ती पिशवीत टाकून पाच बुधवार हिंडले.

वरूडच्या शोरूममधली निळी होती,
हायड्रॉलिक, स्टिकर न काढलेली.
पोरगा म्हणाला, "सोबत कोणी माणूस नाही आला का?"
एक लाख चाळीस.
म्हटलं, बाबू, इतक्यात माझी विहीर खोल होते.
त्यानं पाणी मात्र दिलं, थंड.

मोर्शीत मंडपवाल्याची जुनी.
अठरा हजार, गुलालानं माखलेली,
कोपऱ्यात कोण्या नवरीच्या बांगडीचा तुकडा.
मी आत काठी टेकली
आणि टोक पत्र्यातून आरपार गेलं.
"तेवढं वेल्डिंग करून घ्या," तो म्हणाला,
जणू तेवढं सोडून काही उरलं होतं.

एकाकडे सगळं ठीक, पण उतरंडच नाही.
"फळ्या लावा ना दोन!"
फळ्यांवरून घसरायला कोण, तो येणार होता?

काटोल नाक्यावर हबीब मिस्त्री.
जुन्या जीपचा मागचा धुरा,
जिनिंगच्या भंगारातले अँगल,
टायर दोन कंपन्यांचे, पण झीज सारखी.
मी नर्सरीवाली,
जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधत म्हातारी झाले,
जोड पाहायची सवय.
वेल्डिंगवरून नख फिरवलं.
कुठं अडलं नाही.
एकतीस म्हणाला, सत्तावीसवर आला,
मधात चहा दोनदा.

सुतळी काढली तर हात आडवा घातला त्यानं.
"मशीन मंग चढन. पयले तुम्ही चढा."

चढले.
काठी, उजवा, मग डावा ओढून.
उतरंडीच्या पाऊण वाटेवर श्वास थांबला,
कॅलिपर करकरला.
तो काही बोलला नाही.
खिशातून खडू काढून
माझं पाऊल अडलं तिथं रेघ मारली,
मग लांब जाऊन, एक डोळा मिटून,
चढ पाहत बसला, भिंतीला टेकून.

"दीड फूट लांब करतो. चढ पडन जरा.
पत्रा माह्या, मजुरी तुमची."

आठ दिवसांनी आणली.
कमांडर पुढे, मागे ट्रॉली,
ट्रॉलीवर फटफटी उलट्या तोंडानं,
आलेल्या रस्त्याकडे पाहत.
फाट्यावरचे लोक हसले, मीही हसले.
मागचा दिवा लागत नव्हता,
लाल चिंधी बांधली, वायरमनला निरोप दिला.
पहिल्या खड्ड्यात साखळी इतकी खणखणली
की भाच्यानं गाडीच थांबवली.
काही नव्हतं. पिन ढिली.

दिवाळीला भाच्यानं सगळी हिरवी रंगवली.
उतरंडीवरची खडूची रेघ तेवढी
मी झाकू दिली नाही.
तो म्हणाला, "मावशी, पुसून जाईल ते."
जाऊ दे म्हटलं.
तोवर मला पाठ होईल
कुठं थांबायचं नाही.